इंजिनिअरिंगची उमेदवारी: सुरुवातीला कानसच का मारायला लावतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलचं शिक्षण संपत आलंय आणि पुढच्या महिन्यात कारखान्यात उमेदवारी सुरू होतेय. आधी जाऊन आलेली मुलं सांगतात की पहिले कित्येक आठवडे नुसती कानस मारायला लावतात, मशिनला हात लावू देत नाहीत आणि नंतर महिनोन्‌महिने एकाच मशिनवर उभं करतात. मग शिकायला काय मिळतं आणि जाण्याआधी तयारी काय करायची?

कानस मारायला लावतात हे खरं, आणि एकाच मशिनवर अडकण्याचा धोकाही खरा. पण या काळात कमवायची गोष्ट एकच आहे. माप चुकलं तर ते कशामुळे चुकलं, हे पुढचा नग बिघडण्याआधी सांगता आलं पाहिजे. मशिन चालवायला काही आठवड्यांत येतं. कारण ओळखायला फार वेळ लागतो, आणि त्याची सुरुवात वाइसपाशीच (तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंजापाशी) होते. तिथे तुमचे हात आणि जॉब (ज्या तुकड्यावर काम करायचं तो) यांच्या मध्ये दुसरं काही नसतं, त्यामुळे चुकीचा दोष मशिनवर ढकलता येत नाही.

पहिला जॉब बहुतेक ठिकाणी माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा असतो, समजा ५० बाय ५० मिलिमीटर आणि ८-१० मिलिमीटर जाड. चारही कडा सरळ, एकमेकींशी काटकोनात, माप ±०.१ मिलिमीटर. ऐकायला सोपं वाटतं. दोन दिवसांनी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरलं की कड मधे फुगलेली आणि दोन्ही टोकांना उतरलेली दिसते. याचं कारण साध्या तरफेचं आहे. स्ट्रोकच्या सुरुवातीला जॉब कानशीच्या टोकाजवळ असतो, म्हणून जोर पुढच्या हाताने द्यायचा. मधे दोन्ही हातांचा जोर सारखा ठेवायचा, आणि शेवटी जॉब मुठीजवळ आला की पुढचा हात सैल सोडत मागच्या हाताने दाबायचं. दोन्ही हात पूर्ण वेळ सारखेच दाबत राहिले तर कानस झोक्यासारखी झुलते आणि कडा उतरतात. वाइसची उंचीही बघा. जबडे तुमच्या कोपराच्या पातळीला हवेत. वाइस खूप खाली असेल तर कानस सपाट धरताच येत नाही, आणि मुलं उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

दुसरी चूक क्रमाची. आधी एक सपाट पृष्ठभाग, मग त्याला काटकोनात एक कड, मग त्या दोन्हींना काटकोनात दुसरी कड. या तीन बाजू पक्क्या झाल्यावरच, त्यांच्यापासून मोजून बाकीचं मार्किंग करायचं. कच्च्या कडेवरून माप घेतलं की तिचा वाकडेपणा पुढच्या प्रत्येक मापात उतरतो, आणि शेवटी नेमकं कुठे चुकलं ते सापडत नाही. तिसरी चूक म्हणजे बर न काढता मोजणं. कडेला राहिलेली बारीक धार व्हर्निअरच्या जबड्यात आली की माप मोठं दिसतं, तुम्ही अजून घासता, आणि बर निघाल्यावर जॉब कमी भरतो. जॉबवर अचानक खोल ओरखडे पडायला लागले तर कानशीच्या दातांत कीस अडकलाय. वायर ब्रशने तो काढा आणि शेवटच्या फिनिशच्या वेळी दातांवर खडू घासून घ्या.

हॅकसॉबद्दल दोनच गोष्टी. जाडीवर एका वेळी कमीत कमी तीन दात टेकले पाहिजेत. म्हणून भरीव माइल्ड स्टीलला इंचाला १८ दातांचं ब्लेड चालतं, पातळ पत्र्याला आणि नळीला ३२ दातांचं लागतं. आणि अर्धा कट झाल्यावर ब्लेड तुटलं तर नवं ब्लेड त्याच चिरेत घालू नका. जुन्या ब्लेडचे दात झिजलेले असल्याने चीर अरुंद झालेली असते, तिच्यात नवं ब्लेड आवळतं आणि तेही तुटतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने कापत या. रेषेवर कधी कापू नका, कानशीसाठी अर्धा मिलिमीटर तरी सोडा.

यानंतर येतो नर-मादीचा जॉब. एका तुकड्यात चौकोनी खाच, दुसरा त्यात बसणारा, आणि तो चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे. फट ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, ती फीलर गेजने तपासतात. आधी नर मापात पूर्ण करा, मग मादी त्याच्यावरून बसवत न्या. बाहेरची बाजू मोजणं आणि घासणं सोपं असतं, आतल्या कोपऱ्यात कानशीला जागाच नसते. दोन्ही थोडं थोडं घासत राहिलात तर शेवटी दोन्ही वाया जातात. एका स्थितीत बसतो आणि फिरवल्यावर अडकतो, याचा अर्थ नराच्या बाजू मापात असल्या तरी कोन बिघडलेत. माप बरोबर आणि आकार चूक असू शकतो, हे इथे हाताला कळतं. पुढे ड्रॉइंगवर मापाच्या शेजारी लंबतेचं किंवा सपाटपणाचं वेगळं चिन्ह दिसलं की ते कशासाठी आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.

ड्रिलिंग-टॅपिंगमध्ये, म्हणजे भोक पाडून त्यात टॅपने आटे काढण्यात, उमेदवारांचे सगळ्यात जास्त नग जातात, म्हणून इथे जरा थांबतो. ड्रिलच्या टोकाच्या अगदी मधला भाग कापत नाही, तो धातू दाबून बाजूला सारतो. म्हणूनच पंच न मारता थेट ड्रिल टेकवलं की ते घसरतं आणि भोक रेषेपासून सरकतं. रेषा, पंच, सेंटर ड्रिल, लहान ड्रिल, मग शेवटचं ड्रिल हा क्रम त्यासाठी आहे. भोक ड्रिलपेक्षा मोठं पडलं तर ड्रिलच्या दोन धारा असमान घासल्या गेल्यात का ते बघा. वेगाचं सूत्र पाठ हवं: फेरे म्हणजे १००० गुणिले कापण्याचा वेग, भागिले पाय (π) गुणिले व्यास. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला २५ मीटर धरले, तर १० मिलिमीटरच्या ड्रिलला साधारण ८०० फेरे येतात आणि ३ मिलिमीटरच्या ड्रिलला २६५०. मुलं मोठं ड्रिल काढून लहान लावतात आणि वेग तसाच ठेवतात, मग लहान ड्रिल जोर दिल्यावर मोडतं. उलटं केलं तर मोठ्या ड्रिलच्या धारा निळ्या पडून जळतात.

ड्रिल पलीकडून बाहेर पडतानाचा क्षण सगळ्यात वाईट. शेवटचा पातळ थर फाटतो, ड्रिल त्यात अडकतं आणि जॉब पंख्यासारखा फिरतो. पत्रा हातात धरून ड्रिल करू नका, एक छोटं भोक असलं तरी. क्लॅम्प लावा, खाली लाकूड ठेवा, आणि शेवटी फीड (ड्रिल पुढे सरकवणं) हलका करा.

आट्यांसाठी ड्रिलचा आकार साध्या वजाबाकीने येतो: बाहेरच्या व्यासातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा. एम १० म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचे आटे, त्यांची पिच १.५, म्हणून ड्रिल ८.५. एम १२ ची १.७५, म्हणून ड्रिल १०.२. टॅप दोन आटे गेल्यावर गुण्या लावून सरळ आहे का ते दोन दिशांनी तपासा, त्याच्यापुढे गेल्यावर सरळ करता येत नाही. हाताने टॅप मारताना पुढे नेलं की पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चिप तुटते. आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) भोकात आट्यांच्या लांबीपेक्षा खोल ड्रिल करा, तळाला चिप्स साठायला जागा लागते. मोडण्याआधी टॅप स्वतःच इशारा देतो. फिरवताना तो स्प्रिंगसारखा थोडा पिळतोय असं मनगटाला जाणवतं. तिथे थांबून टॅप मागे काढायचा, भोक साफ करायचं, तेल घालायचं. मोडलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, तो ड्रिलइतकाच कठीण असतो.

लेथवर गेल्यावर पहिल्यांदा कळतं की मशिन तुमचं ऐकतं पण सगळं ऐकत नाही. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाचं) हँडल उलट फिरवलं की सुरुवातीचा काही भाग स्क्रू आणि नटमधली ढील भरण्यात जातो. डायल पुढे सरकतो, टूल जागेवरच असतं. म्हणून माप नेहमी एकाच दिशेने जाऊन घ्यायचं, पुढे गेलात तर पूर्ण फेरा मागे येऊन परत पुढे या. तो डायल व्यास दाखवतो की त्रिज्या, हे प्रत्येक लेथवर आधी विचारा. हे न विचारल्यामुळे पहिल्याच दिवशी दुप्पट कट घेतला जातो. टूलची धार मध्यरेषेपेक्षा खाली असेल तर फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कापताना) मधोमध एक बारीक टेंगूळ राहतं, वर असेल तर टूल कापण्याऐवजी घासायला लागतं.

शेवटच्या मापाची एक खुबी बहुतेक जण उशिरा शिकतात. कटचा जोर पडला की जॉब आणि टूल दोन्ही थोडे वाकतात, आणि जोर कमी-जास्त झाला की वाकणंही बदलतं. एक मिलिमीटरचा कट घेऊन मोजलं आणि उरलेला ०.०५ चा कट लावला, तर डायलवर ०.०५ असूनही तेवढं निघेलच असं नाही. शेवटचे दोन कट सारख्याच खोलीचे ठेवा आणि दोन्हींच्या मधे मोजा, म्हणजे पहिल्या कटात जे वाकणं झालं तेच दुसऱ्यात होईल आणि माप पकडता येईल.

आणि गरम जॉब मोजू नका. लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं, ड्रॉइंगवरचं माप त्या तापमानाचं असतं. स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब ५० अंशांना मोजला तर तो १७ मायक्रॉन मोठा दिसेल. ५० एच ७, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भोकाला एच ७ दर्जाची सूट (माप किती हललं तरी चालेल ती मर्यादा), ती सगळी मिळून २५ मायक्रॉनची. म्हणजे तुम्ही ‘बरोबर’ म्हणून ठेवलेला नग जेवणाच्या सुट्टीनंतर कमी भरू शकतो, आणि मग वाद होतो की मायक्रोमीटर कोणाचा खोटा.

मापाचं साधन निवडण्याचा अंगठेनियम असा: सूट जेवढी असेल त्याच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं साधन हवं. ३० एच ७ च्या भोकाला ० ते +२१ मायक्रॉन सूट असते. ०.०२ वाचणाऱ्या व्हर्निअरने ते भोक तपासणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. तिथे बोअर गेज किंवा गो-नोगो गेज (एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये) लागतो. ड्रॉइंगवर ज्या मापापुढे सूट लिहिलेली नसते तिथे ‘सूट नाही’ असं समजू नका. कोपऱ्यातल्या चौकटीत आयएसओ २७६८-एम असं काही लिहिलेलं असतं. त्यात ६ ते ३० मिलिमीटरला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३ अशी सूट धरलेली असते. ही चौकट न वाचल्याने उमेदवार नको तिथे तास घालवतात. प्रोजेक्शन (वस्तूच्या बाजू ड्रॉइंगवर मांडण्याची पद्धत) फर्स्ट अँगल आहे की थर्ड अँगल, तेही त्याच चौकटीत कळतं. ते चुकीचं धरलं की भोक आरशातल्यासारखं उलट्या बाजूला पडतं.

आता एकाच मशिनवर उभं करण्याबद्दल. उत्पादनाचा ताण असला की हे होतं, आणि तीन-तीन महिने एकच भोक पाडायला लावणं चूकच आहे. पण पहिले दोन-तीन आठवडे त्या जागेचा पुरेपूर फायदा घ्या. प्रत्येक दहावा नग मोजा आणि वहीत आलेख काढा. माप हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर टूल झिजतंय किंवा मशिन तापतंय. माप वर-खाली उड्या मारत असेल तर नग नीट पकडला जात नाही, जबड्याखाली चिप येते किंवा कुठेतरी ढील आहे. अचानक एका नगापासून पुढे सगळं बदललं तर मटेरियलचा लॉट, टूलचं टोक किंवा सेटिंग बदललंय. सुपरवायझरला ‘साइज येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘चाळीसाव्या नगापासून माप एका दिशेने सरकतंय’ असं सांगितलं की तुमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलते, आणि पुढचं काम त्यातूनच मिळतं. तरीही हलवत नसतील तर प्रशिक्षण बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. कराराबरोबर आलेला प्रशिक्षणाचा आराखडा घेऊन जा, ‘कंटाळा आला’ म्हणू नका, कोणती कामं बाकी आहेत ती नावं घेऊन लेखी द्या. मिलिंग, सरफेस ग्राइंडिंग, देखभाल विभागातले अमुक आठवडे, असं.

सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनवर, एकच इशारा. व्यास ३०.०१ हवा आणि ३०.०४ आला, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती लिहायच्या जागी) उणे ०.०३ घालायचे. चिन्ह चुकलं की पुढचा नग ३०.०७ येतो. बदल केल्यानंतरचा पहिला नग नेहमी सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबून), फीड कमी ठेवून, हात स्टॉपजवळ ठेवून चालवा. दशांश चिन्ह राहून गेलं तर काही मशिन तोच आकडा हजारपट लहान समजून वाचतात.

देखभाल विभागातले आठवडे मला सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण तिथे कारण शोधणं हेच काम असतं. मशिन खोलण्याआधी जोडणीच्या जागी खुणा करा आणि फोटो काढा. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा आणि हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. जोर गोळ्यांमधून गेला की रिंगवर बारीक खळगे पडतात, बेअरिंग त्या दिवशी ठीक वाटतं आणि काही आठवड्यांनी आवाज करायला लागतं. तापवून बसवायचं असेल तर साधारण ११० अंशांपर्यंत, १२० च्या वर नाही, आणि गॅसच्या ज्योतीने मुळीच नाही. ग्रीस ठासून भरू नका, जास्त ग्रीस घुसळलं जाऊन बेअरिंग तापतं.

इथेच लॉकआउट शिकायचं. वीज बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि मग स्टार्टचं बटण दाबून मशिन खरंच सुरू होत नाही ना ते बघायचं. एवढ्याने संपत नाही. हवेच्या टाकीतला दाब, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर, दाबलेली स्प्रिंग, वर उचलून धरलेला भाग यांच्यात वीज गेल्यावरही जोर शिल्लक असतो. तो सोडल्याशिवाय हात आत घालू नका. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून काम करायला कोणी सांगितलं तर नकार द्या, समोर कोणीही असो. तसंच फिरत्या मशिनवर हातमोजे, अंगठी, लांब बाही नको. चकची किल्ली हातातून सुटली तर टेबलवर पडली पाहिजे, चकमध्ये राहता कामा नये. बेंच ग्राइंडरच्या टेकूची आणि चाकाची फट ३ मिलिमीटरपेक्षा वाढली तर आधी टेकू पुढे घ्या, नाहीतर टूल त्या फटीत ओढलं जाऊन चाक फुटू शकतं. त्या चाकावर अॅल्युमिनियम घासू नका, चाकाची छिद्रं बुजतात.

नग बिघडला तर? थांबा, त्याला खूण लावा, चांगल्या नगांपासून वेगळा ठेवा आणि लगेच सांगा. पुढच्या प्रत्येक प्रक्रियेत त्या नगावर मजुरी आणि वेळ चढत जातो, म्हणून टर्निंगनंतर कळलेली चूक स्वस्त असते आणि ग्राइंडिंगनंतर कळलेली महाग. लपवलेला नग जोडणीत सापडतोच, आणि त्यानंतर तुमच्या हातचा प्रत्येक नग दुसरा कोणी तरी पुन्हा मोजतो.

डायरी बहुतेक जण महिन्याच्या शेवटी एकदम भरतात आणि ‘लेथवर काम केलं’ असं लिहितात. ती दुसऱ्याच्या उपयोगाची नाही आणि तुमच्याही नाही. त्याच दिवशी लिहा: ड्रॉइंग क्रमांक, मटेरियल, कामाचा क्रम, टूल, फेरे आणि फीड, मागितलेलं माप आणि आलेलं माप, फरक पडला असेल तर त्याचं कारण. कारण कळलं नसेल तर ती जागा रिकामी ठेवून जुन्या कामगाराला विचारा. प्रश्न असा विचारा: ‘मी हे असं केलं, माप एवढं आलं, मला वाटतं अमुक झालंय, बरोबर आहे का?’ स्वतःचा अंदाज घेऊन आलेल्याला माणसं हातचं काम बाजूला ठेवून समजावतात. नुसतं ‘कसं करायचं?’ विचारलं तर ‘असं’ म्हणून करून दाखवतात, आणि का ते राहून जातं.

तयारीत फार काही लागत नाही. दिवसभर उभं राहायचं असतं, म्हणून सेफ्टी शूज आधी आठवडाभर घरी वापरून मऊ करा. १५० मिलिमीटरची स्टीलपट्टी, छोटी वही आणि पेन्सिल कायम खिशात हवी. त्रिकोणमिती पुन्हा बघा, टेपर आणि कोन तिच्याशिवाय जमत नाहीत. मायक्रोमीटर मिळत असेल तर एकच तुकडा वीस वेळा मोजा, रॅचेटने, प्रत्येक वेळी पूर्ण उघडून. आकडे किती पसरतात ते लिहा, आणि तो पसारा मिलिमीटरच्या एका शतांशाच्या आत येईपर्यंत रोज मोजत राहा. कूलंटमध्ये हात सारखे भिजतात, त्याने कातडी फुटते. कामाआधी बॅरिअर क्रीम लावा, सुटल्यावर साबणाने धुवा, आणि रॉकेल किंवा थिनरने हात कधीच साफ करू नका, सगळे करत असले तरी.